नबवियाची मेणबत्ती

आपण आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिलेला नाही, हे रिफअतसाहेबांनी आजवर किती जणांना सांगितलं असेल, त्याचा खरा आकडा मात्र कुणाकडेच नाही. इजिप्तमधल्या तांता शहराबाहेरच्या कालव्यावर चौतीस वर्षं त्यांनी पाण्याची पातळी मोजली, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. एकदा एक वरिष्ठ साहेब म्हणाले होते, "दोन सेंटिमीटर वाढवून लिहा हो, कुणाचं काय जातंय?" तेव्हा रिफअतसाहेबांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि सांगितलं, "पाणी माझ्याशी खोटं बोलत नाही साहेब, मी त्याच्याविषयी कसं बोलू?" हे दोन सेंटिमीटर इमारतीच्या चारही मजल्यांना पाठ होते. ते इंजिनियर नसूनही सगळे त्यांना 'बाशमुहंदिस' म्हणजे मोठे इंजिनियर म्हणायचे. ही एक चूक तेवढी त्यांनी कधी दुरुस्त केली नाही.

तर अशा माणसाने, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एका मेणबत्तीला लबाडी शिकवली.

गुरुवारी त्यांना नात झाली. मुलगा हातिम नोकरीसाठी कुवेतला, म्हणून सून रिहाब बाळ घेऊन सासरी आली होती. आता बुधवारी, सातव्या दिवशी, बाळाचा सुबू करायचा, चाळणीत घालून हलवायचं, कानाशी खलबत्ता वाजवायचा आणि नाव ठेवायचं, हे सगळं ठरलेलं होतं. ठरलेलं नव्हतं ते फक्त नाव.

रिफअतसाहेबांना आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं. नबविया. दवाखान्यात त्यांनी ते पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा नर्सने विचारलं, "या आजीबाई कुठल्या वॉर्डात आहेत?" रिहाबच्या मनात होतं जूदी. "जूदी? हे नाव आहे की शाम्पू?" असं रिफअतसाहेबांनी विचारलं, पण ते स्वयंपाकघरात, फ्रीजकडे तोंड करून. सुनेसमोर ते म्हणाले, "छान आहे हो. लहान आहे." त्यांच्या बायकोने, इन्शिराहबाईंनी, तोडगा काढला: "सलमा ठेवा. सलमा नावावर आजवर कुणी रुसलेलं नाही." यावर दोघेही रुसले.

हातिमला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, आई, तुम्ही आणि रिहाब मिळून ठरवा, मी मीटिंगमध्ये आहे." त्या दिवशी शुक्रवारची सुट्टी होती आणि मागे कुणीतरी मांस भाजत असल्याचा आवाज येत होता.

शेवटी सोमवारी तिसऱ्या मजल्यावरून हाज्जा तफीदा उतरल्या. ज्या घरात जन्म, लग्न किंवा मयत असेल त्या घरी हाज्जा न बोलावता येतात आणि निरोप दिला तरी जात नाहीत. "यात भांडायचं काय?" त्या म्हणाल्या. "तीन नावं, तीन मेणबत्त्या. शेवटपर्यंत जी जळेल तिचं नाव. पोरीचं आयुष्यही तेवढंच लांब. माझ्या सातही मुलांची नावं मेणबत्तीनेच ठरवली."

"म्हणून तर त्यातल्या दोघांचं नाव एकच आहे," तळमजल्यावरचे लबीबसाहेब म्हणाले. ते निवृत्त औषधविक्रेते, चर्चला जाणारे ख्रिस्ती. पण सुबूच्या बाबतीत त्यांचं घर आणि हाज्जांचं घर यांत फरक असलाच तर तो फक्त कोण जास्त ओरडतं एवढाच.

"मेणबत्तीने दोनदा तेच सांगितलं, मी काय करू?" हाज्जा म्हणाल्या.

रिहाब उशीला टेकून बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची. कमी बोलायची आणि बोललेलं पाळायची. सासऱ्यांना ती अम्मो, म्हणजे काका, म्हणायची. "मला चालेल," ती म्हणाली. "मेणबत्ती कुणाच्या बाजूची नसते. पण अम्मो, आणायच्या तुम्हीच. तुमच्याइतकं मोजूनमापून दुसरं कोण आणणार?"

हे वाक्य रिफअतसाहेबांना पुढे बरेच दिवस, विशेषतः दाढी करताना, आठवायचं होतं.

त्या दिवशी मात्र ते छाती काढून बाजारात गेले. खिशात पोलादी पट्टी होती. दुकानदाराच्या अकरा मेणबत्त्या त्यांनी एकेक मिलिमीटरच्या फरकाने नापास केल्या. "चाचा, तुम्ही मेणबत्त्या नेताय की जावई?" दुकानदार वैतागला. अखेर अठरा सेंटिमीटरच्या, एकसारख्या, तीन पांढऱ्या मेणबत्त्या घेऊन ते निघाले. इथपर्यंत सगळं सरळ होतं. ते सरळच घरी गेले असते तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते.

पण वाटेत शाळा लागली. त्यांचीच जुनी शाळा. मधली सुट्टी होती, आणि मुलं कुणाला तरी घेरून एका बाईचं नाव तालात ओरडत होती. आमच्याकडे मुलग्याच्या आईचं नाव बाहेर कळता कामा नये. ती अमक्याची आई, बस्स. ते कळलं की पोराची धडगत नाही. रिफअतसाहेब नऊ वर्षांचे असताना कुणालातरी कळलं होतं. महिनाभर सबंध मैदान "नबविया! नबविया!" करून नाचत होतं. एके दिवशी आई त्यांचा विसरलेला डबा घेऊन फाटकाशी आली, तेव्हा मुलांनी विचारलं, "ही कोण रे?" आणि ते म्हणाले, "आमच्याकडे कपडे धुणारी."

आईने ऐकलं. डबा पहारेकऱ्याकडे दिला आणि गेली. घरी त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. फक्त पुन्हा कधी शाळेकडे फिरकली नाही. पुढे नोकरी लागली तेव्हा ती कालव्यावर येऊन पातळीच्या पट्टीकडे बघत म्हणाली होती, "एवढं वाचायचा पगार देतात तुला?" ती वारली, आणि मयताच्या पत्रिकेवर छापलं 'रिफअतची आई'. नाव नाहीच. चौपन्न वर्षं रिफअतसाहेबांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. दोन सेंटिमीटरची गोष्ट एवढ्या वेळा सांगणाऱ्या माणसाजवळ एखादी न सांगितलेली गोष्ट असतेच.

जिन्यात लबीबसाहेब भेटले.

"एक विचारू?" रिफअतसाहेब म्हणाले. "माझा एक मित्र आहे. त्याला एक मेणबत्ती जरा जास्त वेळ जळायला हवी आहे."

"पाटबंधारे खात्यातला मित्र?"

"तुम्हाला काय करायचंय खात्याशी?"

"काही नाही. मित्राला सांगा, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेव. गार मेण सावकाश वितळतं." लबीबसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि मित्राला म्हणावं, लबीब कुणाला सांगणार नाही. निदान आजतरी."

दोन मेणबत्त्या कपाटात गेल्या. तिसरी, वर्तमानपत्रात गुंडाळून, फ्रीझरमध्ये चिरलेल्या मुलुखियाच्या भाजीच्या दोन पिशव्यांमध्ये जाऊन झोपली. संध्याकाळी सहाला आणि सकाळी सहाला रिफअतसाहेब सवयीने तिची पाहणी करू लागले.

"अहो हातिमचे बाबा, हे सारखं फ्रीझर काय उघडताय?" इन्शिराहबाईंनी विचारलं.

"उकडतंय."

"मग डोकं आत घाला म्हणजे काम होईल."

माणूस एकदा का निकाल आधीच ठरवून बसला की त्याला पुढची कामं उरकायची घाई होते. जन्माची नोंद पंधरा दिवसांत करायची असते. रिहाबने आपणहून निकाहनाम्याचे कागद काढून दिले: "अम्मो, सुरुवात करून ठेवा, नाव आपण बुधवारी लिहू." मंगळवारी रिफअतसाहेब आरोग्य कचेरीत गेले, केवळ चौकशी करायला. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं. दुसरीने झेरॉक्स मागितली. झेरॉक्सवाला नमाजाला गेला होता. तो आला तेव्हा दुसरी खिडकी नमाजाला गेली होती. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी चहाचा पेला बाजूला सारून विचारलं:

"वडील कुठायत?"

"कुवेतला. मी आजोबा."

"जन्माच्या वेळी हजर होतात?"

"दाराबाहेर होतो."

"दार बंद होतं?"

"थोडं किलकिलं होतं."

"मग हजर. मुलीचं नाव?"

मागे तीस माणसं उभी होती. कुणाचं तरी कोपर पाठीत होतं. रिफअतसाहेबांना म्हणता आलं असतं, "उद्या सांगतो." तेवढे शब्द त्यांना येत होते. पण आपल्या तोंडून, लोकांसमोर, मोठ्याने, ते नाव निघताना त्यांनी स्वतः ऐकलं.

"नबविया."

मागे कुणी हसलं नाही. चौपन्न वर्षांत पहिल्यांदाच. दाखला खिशात घालून ते बाहेर पडले, तेव्हा उसाच्या रसाचा एक पेला आपणच आपल्याला पाजावा इतके ते खूष होते. रस प्यायल्यावर मात्र त्यांनी दाखला पुन्हा काढून त्यावरची तारीख वाचली. उद्या मेणबत्ती हेच सांगणार आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. आपण फक्त एक दिवस आधी नोंद केली. आगाऊ पातळी. तशी नोंद त्यांनी उभ्या नोकरीत केली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

बुधवारी दुपारच्या नमाजानंतर घर भरलं. मे महिना, पंखा एक, बायका तीस. मधोमध ताटात सात धान्यं, मातीची सजवलेली सुरई, आणि तिच्याभोवती तीन मेणबत्त्या. फ्रीझरमधली रिफअतसाहेबांनी शेवटच्या क्षणी आणून रोवली आणि तिच्या बुडाशी नावाची चिठ्ठी ठेवली. दिवाणखान्यात त्यांनी दहादा इकडेतिकडे बघितलं, पण चोरासारखं नाही. चोर असं बघत नाहीत, ते सराईत असतात.

हाज्जांनी तिन्ही पेटवल्या. जूदी नीट जळू लागली. सलमा नीट जळू लागली. नबवियाला आधी घाम फुटला. बाहेरून पाण्याचे थेंब ओघळू लागले, टपटप धान्यावर पडू लागले. मग ज्योत चरचरली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज झाला, तडक! मेणबत्तीला उभी भेग गेली, ती कमरेत वाकली आणि विझली.

हाज्जांनी हात पुढे करून मेणबत्तीला बोट लावलं, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गार आहे!" त्या ओरडल्या. "अरे देवा, बर्फासारखी गार! कबरीतला गारवा आहे हा! मेलेली बाई नाव द्यायला तयार नाही. पोरीला ओढतेय ती!"

"ओढतेय म्हणजे?" रिहाबने विचारलं. गणित शिकवणारी मुलगी ती. इतर कुठल्याही दिवशी हसली असती. पण सहा रात्री झोपलेली नव्हती. तिने चाळणीतलं बाळ उचलून छातीशी धरलं, आणि तिचा चेहरा त्या मेणासारखा झाला. "हाज्जा, ओढतेय म्हणजे काय? हिला काय होणार आहे?"

"आधी मीठ आणा! दारं उघडा!"

रिफअतसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. ती बाळाला घट्ट गुंडाळत होती. गप्प बसलं असतं तर चाललं असतं. उद्यापर्यंत सगळे विसरले असते, ती सोडून.

"मेलेल्या बाईने काही केलेलं नाही," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही, म्हणून त्यांना पुन्हा म्हणावं लागलं; कबुलीजबाब दोनदा द्यावा लागणं यासारखी शिक्षा नाही. "मी केलंय! मेणबत्ती फ्रीझरमध्ये होती. दोन दिवस. जास्त जळावी म्हणून."

हाज्जांनी मेणबत्ती उपटून उलटी केली. बुडाला मुलुखियाचं हिरवं पान चिकटलेलं होतं.

"म्हणजे उकडत नव्हतं!" इन्शिराहबाई म्हणाल्या.

आधी रिहाब हसली. मोठ्याने, रडल्यासारखी, पोट धरून. मग सगळं घर हसलं. "बाशमुहंदिस, पाण्याची पातळी मोजता मोजता मेणबत्तीलाच पाणी पाजलंत!" कुणीतरी म्हणालं. "दोन सेंटिमीटर!" दारातून लबीबसाहेब हळूच म्हणाले, आणि हसू दुप्पट झालं. रिफअतसाहेबांचे कान इतके तापले की विझलेली मेणबत्ती त्यांवर पुन्हा पेटली असती. पण हसण्यात माफी असते, एवढं त्यांना कळलं. तेवढ्यात उघड्या दारातून आलेल्या वाऱ्याने सलमा विझली, जूदीची ज्योत एकटी उरली, बायकांनी जिभा वळवून आनंदाचा गजर केला, आणि हाज्जा खलबत्ता घेऊन बाळाच्या कानाशी बसल्या.

"जूदी ग जूदी, आईचं ऐक!" ठण्. "आज्जीचं ऐक!" ठण्. "आजोबांचं ऐकू नको, त्यांची अक्कल फ्रीजमध्ये आहे!" ठण् ठण् ठण्.

इथे थांबलं असतं तर ती नुसती गंमत ठरली असती. पण प्रत्येक ठोक्याला रिफअतसाहेबांच्या खिशातला कागद छातीला लागत होता. रिवाजाप्रमाणे बाळ पुन्हा चाळणीत ठेवून रिहाबने ती सात वेळा ओलांडली. सातव्या वेळी तिने हसून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते हसू त्यांना सोसेना.

"रिहाब," ते म्हणाले, "अजून एक आहे." आणि त्यांनी दाखला पुढे केला.

तिने उभ्यानेच वाचला. वरून खाली, मग पुन्हा वरून. खलबत्ता थांबला. या वेळी कुणी हसलं नाही. लबीबसाहेब जिन्याकडे बघू लागले. इन्शिराहबाईंनी मिठाईच्या पुड्या मोजायला घेतल्या, त्या आधीच मोजलेल्या होत्या.

"कालची तारीख आहे," रिहाब म्हणाली.

"हो."

"कागद मीच दिले होते तुम्हाला."

"हो."

"अम्मो, तुम्ही मला विचारलं असतंत ना, नीट बसून, का हवंय ते सांगून, तर मी कदाचित हो म्हटलं असतं." तिने दाखल्याची घडी घालून त्यांच्या हातात ठेवली. "आता नाही म्हणणार."

का हवंय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तीस बायका बघत होत्या. शाळेचं फाटक, डबा, कपडे धुणारी; यातलं काय आधी सांगायचं ते त्यांना सुचेना, आणि तोंड तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिडक्यांना लागले. लावलेलं नाव काढायला लावण्याच्या चौपट कागद लागतात. मुलाचं पत्र, सुनेची सही, आणि अर्जदाराची चूक घडली हे सांगणारे दोन शेजारी साक्षीदार. साक्षीदार म्हणून हाज्जा तफीदा आणि लबीबसाहेब आले. हाज्जांनी रांगेतल्या सगळ्यांना मेणबत्तीची गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगितली. "थोडक्यात सांगा हो," रिफअतसाहेब विनवत होते.

"थोडक्यात सांगितली तर यांना तुमची चूक कशी कळेल?" हाज्जा म्हणाल्या.

तिसऱ्या खिडकीतल्या बाई त्याच होत्या. चहाही बहुधा तोच. "कारण?" त्यांनी विचारलं.

"घरगुती."

"घरगुती म्हणजे घरातल्या कुणाचं?"

"माझं."

"मग तसं लिहून द्या."

रिफअतसाहेब बाकावर बसले. कालव्याच्या वहीत लिहायचे तशा अक्षरात त्यांनी लिहायला घेतलं, आणि पेन थांबेचना. शाळा, मैदान, डबा, पहारेकरी. आईला काय म्हटलं ते. तिने ऐकलं ते. पत्रिकेवर नाव नव्हतं ते. पान भरलं, मागची बाजूही अर्धी भरली. त्यांनी ते खिडकीत सरकवलं. बाई वाचत गेल्या. चहा तसाच राहिला. मग त्यांनी कागद परत केला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "चाचा, इथे एकच ओळ मावते."

त्यांनी दुसरा कागद घेतला. लिहिलं: 'आजोबाने विचारलं नाही.' पुढे नवीन नाव: जूदी. ते नाव त्यांनी फार जपून, एकही रेघ न हलवता काढलं. पहिला कागद घडी करून पायघोळ गॅलाबियाच्या खिशात ठेवला आणि विसरले. निदान विसरले असं त्यांना वाटलं. पुढच्या धुण्यात खिसे तपासले गेले. त्या आठवड्यात कपडे रिहाबने धुतले होते. कागद त्यांना उशीखाली सापडला, नीट इस्त्री केल्यासारखा सपाट. जेवताना रिहाबने त्यांच्या ताटात मुलुखिया वाढली आणि विचारलं, "अम्मो, गार तर नाही ना?" तेवढंच. त्यांची मान जी खाली गेली ती शेवटच्या घासापर्यंत वर आली नाही.

मेणबत्तीची गोष्ट मात्र इमारतीत राहिली. दोन सेंटिमीटरची जागा तिने घेतली. रिफअतसाहेब पूर्वीइतके जिन्यात थांबेनासे झाले.

ऑक्टोबरात जूदी पाच महिन्यांची झाली. आवाज तिला आजीचा, आणि हट्ट कुणाचा ते कुणाला सांगता येईना. एका दुपारी रिफअतसाहेब खाली गल्लीत भाजी घेत होते. वर बाल्कनीत ती एकसारखी रडत होती. आंघोळ नको, कपडा नको, काही नको. आणि एकदम, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, रिहाब ओरडली:

"नबविया! पुरे झाला हट्ट! नबविया, ऐकतेस की नाही?"

रिफअतसाहेबांचे कान पेटले. नऊ वर्षांच्या पोराचे पेटायचे तसेच. हातातला टोमॅटो तसाच राहिला. वर रडणं थांबलं होतं. रिहाब कठड्यावरून वाकून खाली बघत होती. त्यांनी वर पाहिलं तशी ती आत गेली.

"बाशमुहंदिस," भाजीवाल्याने तराजू रोखून विचारलं, "तुमच्या घरात ही नबविया कोण?"

आजूबाजूला सात-आठ माणसं होती. त्यातली दोन शाळेतली पोरं होती, दप्तरांसकट.

"माझ्या आईचं नाव आहे," रिफअतसाहेब म्हणाले. आणि भाजीवाल्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्याने.